तांदूळ इतका पांढरा कोणासाठी?

रेशनच्या तांदळात फोर्टिफाइड, म्हणजे लोह आणि जीवनसत्त्वं घालून बनवलेले, दाणे मिसळण्यावरून आपल्याकडे बरीच वर्षं वाद चाललाय. 2021 च्या 15 ऑगस्टला लाल किल्ल्यावरून पंतप्रधानांनी जाहीर केलं की 2024 पर्यंत सरकारी योजनांमधला सगळा तांदूळ फोर्टिफाइड असेल, आणि मग गावोगाव बायकांनी ते वेगळे दिसणारे दाणे निवडून फेकून दिले, प्लास्टिकचा तांदूळ आलाय म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ फिरले, सिकलसेल आणि थॅलेसेमिया या रक्ताच्या आजारांच्या पेशंटना हे जास्तीचं लोह चालतं का यावर डॉक्टरांचेही मतभेद झाले. हे सगळे प्रश्न खरे आहेत. पण मला वाटतं आपण वादाला सुरुवातच फार उशिरा करतोय. तांदळात काय घालायचं ते नंतर बघू, आधी त्यातून काय काढलं आणि का काढलं हे विचारायला हवं, आणि ते विचारायला लागलं की गोष्ट दीडशे वर्षं मागे, ब्रह्मदेशातल्या (आजच्या म्यानमारमधल्या) रंगूनच्या गिरण्यांपर्यंत जाते.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. आज आपण ज्याला साधा तांदूळ म्हणतो तो गुळगुळीत पांढरा दाणा जेवणाऱ्याची गरज बघून तयार झालेला नाही. जहाज, गोदाम आणि बाजारभाव यांच्या सोयीने वसाहतींच्या काळात ठरलेला तो माल आहे. नुसत्या त्याच तांदळावर जगणारी माणसं मरतात हे त्याच वसाहतींमधल्या डॉक्टरांनी 1910 च्या आत सिद्ध करून दाखवलं होतं, तरीही पॉलिश कमी करा असं गिरणीला कोणी ठामपणे सांगितलं नाही, इंग्रजांनी नाही, डचांनी नाही आणि स्वातंत्र्यानंतर आपणही नाही.

ब्रह्मदेशापासून सुरू करते कारण तिथे हे सगळं सगळ्यात मोठ्या प्रमाणावर झालं. 1852 च्या युद्धानंतर इंग्रजांनी खालचा ब्रह्मदेश घेतला तेव्हा इरावतीच्या मुखाजवळचा प्रदेश म्हणजे बहुतेक दलदल, खारफुटी, उंच गवत आणि मलेरिया. भातशेती असेल सात-आठ लाख एकर. 1930 च्या दशकात ती ऐंशी लाख एकरांच्या पुढे गेली, म्हणजे ऐंशी वर्षांत दहापट. हे जंगल काही साहेबाने तोडलं नाही, वरच्या ब्रह्मदेशातून खाली उतरलेल्या शेतकरी कुटुंबांनी कोयत्या-कुऱ्हाडीने तोडलं, त्यात तापाने माणसं गमावली, दोन-तीन वर्षं काही पिकत नाही ती कर्जावर काढली. कर्ज देणारे तमिळनाडूतल्या चेट्टिनाडचे चेट्टियार सावकार, गिरण्यांत आणि बंदरावर राबणारे मजूर मुख्यतः आंध्र किनाऱ्यावरचे तेलुगू, आणि मोठ्या गिरण्या युरोपियन कंपन्यांच्या, त्यातली स्टील ब्रदर्स सगळ्यात मोठी. 1869 ला सुएझ कालवा उघडला आणि युरोप एकदम जवळ आला. रंगून, बसीन, मोलमीन, अक्याब ही चारही बंदरं तांदळावरच वाढली आणि 1930 च्या सुमारास तिथून वर्षाला साधारण 30 लाख टन तांदूळ बाहेर जात होता. जगात दुसरा कुठलाच देश एवढा तांदूळ विकत नव्हता.

आपल्याकडे ब्रह्मदेश म्हटलं की रत्नागिरीचा थिबा राजा आठवतो, 1885 ला राज्य गेलं आणि 1916 मध्ये तिथेच, कैदेत, वारला. पण त्याच्या देशाचं आपल्याशी रोजचं नातं होतं ते तांदळाचं. मुंबई सरकार 1920 च्या दशकात कामगारांच्या राहणीखर्चाचा आकडा काढायचं त्यात तांदळाची जात म्हणून 'रंगून स्मॉल-मिल' असं लिहिलेलं असायचं. म्हणजे परळ-लालबागच्या चाळीतल्या कोकणी गिरणीकामगाराच्या ताटातला भात हा सरकारी हिशोबातसुद्धा रंगूनचा होता. 1942 ला जपानने ब्रह्मदेश घेतला आणि हा पुरवठा एका झटक्यात तुटला, त्रावणकोरमध्ये हाल झाले, पुढच्या वर्षी बंगालमध्ये लाखो माणसं मेली. दुष्काळाची कारणं बरीच होती आणि तो एक स्वतंत्र विषय आहे, पण एवढा मोठा भूभाग एकाच नदीच्या मुखावर पोट ठेवून बसला होता हे खरंच.

आणि ज्याने पिकवलं त्याच्या हाती काय राहिलं? भाताचा खरेदीदर गिरणी सांगेल तो. 1921 मध्ये चार मोठ्या युरोपियन गिरणी कंपन्यांनी उघडपणे एकी करून दर बांधायला सुरुवात केली, 'बुलिंजर पूल' म्हणायचे त्याला. शेतकऱ्याला कापणी झाली की हप्ता भरायचा असतो, सारा भरायचा असतो, तो भात धरून ठेवू शकत नाही आणि गिरणी मात्र थांबू शकते, हे गणित आपल्या सोयाबीन-कांदावाल्याला वेगळं समजावून सांगायला नको. 1930 च्या मंदीत भाव कोसळले तेव्हा कर्जाचे हप्ते थकले आणि जमिनी सावकारांच्या नावावर चढल्या. भाताच्या तेरा प्रमुख जिल्ह्यांत चेट्टियारांकडे 1930 ला साधारण 6 टक्के जमीन होती, ती आठ वर्षांत 25 टक्के झाली. याच काळात, डिसेंबर 1930 मध्ये, थारावडी जिल्ह्यातून साया सान या नेत्याचा शेतकरी उठाव सुरू झाला, पुढच्या वर्षी त्याला फाशी दिली.

आता गिरणीच्या आत जाऊ, कारण माझा मुख्य मुद्दा तिथे आहे.

भाताच्या दाण्यावर बाहेरून तूस असतं, ते काढलं की आत तपकिरी किंवा लालसर दाणा मिळतो, हा असडी तांदूळ. त्यावर कोंड्याचा पातळ थर आणि एका टोकाला अंकुर. दाण्यातलं तेल, जीवनसत्त्वं, खनिजं बहुतेक या थरात आणि अंकुरातच असतात, आत उरतो तो मुख्यतः स्टार्च. उखळात मुसळाने सडला की कोंडा थोडा निघतो, थोडा राहतो, आणि घरी रोजच्यापुरताच सडला जातो त्यामुळे तो खराब व्हायच्या आत पोटात जातो. पण तूस काढलेला तांदूळ दोन-तीन महिने जहाजाच्या पोटात उष्ण दमट हवेत ठेवला तर कोंड्यातलं तेल खवट होतं, किडे पडतात, माल परत येतो. सुरुवातीच्या काळात यावर तोड म्हणून रंगूनहून 'कार्गो राइस' पाठवायचे, अर्धवट भरडलेला, त्यात पाचवा हिस्सा तुसासकट भातच ठेवलेला, आणि मग लंडन, लिव्हरपूल, ब्रेमेन, हॅम्बर्गच्या गिरण्या तो पुढे साफ करायच्या. सुएझनंतर प्रवास कमी झाला, वाफेची जहाजं आली, तसा पूर्ण पांढरा तांदूळ रंगूनहूनच जायला लागला. गिरण्यांत कोंडा घासून काढणारे एकामागून एक शंकू, शेवटी मेंढीचं कातडं लावलेले पॉलिशर, काही बाजारांसाठी तर वरून टाल्क आणि ग्लुकोजचा लेप देऊन चकाकी आणायचे. तूस बॉयलरमध्ये जळायचं, म्हणजे इंधन फुकट. आणि कोंडा पोत्यांत भरून युरोपला गुरांचं खाद्य म्हणून विकला जायचा.

हे मला फार महत्त्वाचं वाटतं. दाण्यातला पौष्टिक भाग वेगळा काढून युरोपातल्या गायी-डुकरांना आणि उरलेला स्टार्च मळ्यातल्या, खाणीतल्या, तुरुंगातल्या माणसांना, अशी ती वाटणी होती. कोणी बसून असा कट केला नव्हता, गिरणीला दोन्ही मालांचे पैसे मिळत होते आणि बाजारात जितका पांढरा तितका भाव जास्त, एवढ्यावर ती वाटणी आपोआप झाली. तांदळाचा चांगलेपणा ठरवायची पट्टी खरेदीदाराच्या डोळ्यांना काय दिसतं आणि गोदामात किती टिकतं यावर बसली आणि ती पट्टी अजून तशीच आहे.

याचा परिणाम माणसांवर दिसायला वेळ लागला नाही. बेरीबेरी हा रोग आशियात जुना आहे, पण 1870 नंतर वाफेच्या गिरण्या पसरल्या तसा तो आग्नेय आशियात झपाट्याने वाढला. पाय बधिर होतात, चालताना पाऊल उचलत नाही, अंगाला सूज येते, शेवटी हृदय बंद पडतं. आणि तो व्हायचा कोणाला तर ज्यांचं जेवण दुसरा कोणी ठरवतो त्यांना: सैनिक, कैदी, वेड्यांच्या इस्पितळातले रुग्ण, कंत्राटी मजूर. भरपूर पांढरा भात, थोडी सुकी मासळी आणि बाकी जवळपास काही नाही असं ते जेवण. घरी खाणाऱ्याला परसातली भाजी तरी मिळते, याला तीही नाही.

डच सरकारने जावा-सुमात्रातलं सैन्य या रोगाने खचतंय म्हणून 1886 मध्ये डॉक्टर पाठवले, त्यातला क्रिस्टियान एकमन हा तरुण बटाव्हियाच्या (आजच्या जकार्ताच्या) लष्करी इस्पितळातल्या छोट्या प्रयोगशाळेत मागे राहिला. जंतू शोधत होता, सापडत नव्हता. मग त्याच्या कोंबड्याच लंगडायला लागल्या, माणसांसारखीच लक्षणं, आणि काही महिन्यांनी आपोआप बऱ्या झाल्या. चौकशी केल्यावर कळलं की मधल्या काळात त्यांना इस्पितळाच्या स्वयंपाकघरातला उरलेला पांढरा भात मिळत होता, नंतर नवा स्वयंपाकी आला आणि त्याने मिलिटरीचा तांदूळ सिव्हिलच्या कोंबड्यांना द्यायला नकार दिला. एकमनने कोंडा घालून, काढून प्रयोग केले आणि कारण कोंड्यात आहे इथपर्यंत पोचला. पुढे तुरुंगांचा निरीक्षक डॉक्टर फोर्डरमन याने जावा आणि मदुरातल्या 101 तुरुंगांची पाहणी केली, कारण कुठल्या तुरुंगात कसला तांदूळ हे स्थानिक रिवाजावर ठरत होतं. पांढरा तांदूळ देणाऱ्या 51 तुरुंगांपैकी 36 मध्ये बेरीबेरी निघाला, आणि असडी तांदूळ देणाऱ्या 37 पैकी फक्त एकात. इमारत जुनी की नवी, हवा खेळती की कोंदट, गर्दी किती, याने काही फरक पडत नव्हता. हे 1897 पर्यंत छापून झालं होतं! एकमनला नोबेल मिळालं 1929 ला, आणि मधल्या काळात, 1901 मध्ये, त्याच प्रयोगशाळेतल्या ग्राइन्सने खरं कारण नीट मांडलं, की भातात विष नाहीये, कोंड्याबरोबर काहीतरी गरजेचं जातंय.

मलायातली (आजच्या मलेशियातली) गोष्ट तर आपल्या आणखी जवळची आहे. तिथे कथलाच्या खाणीत काम करणारे चिनी मजूर सयामचा, म्हणजे आजच्या थायलंडचा, पांढरा तांदूळ खायचे आणि हजारोंनी मरायचे, आणि रबराच्या मळ्यातले तमिळ मजूर तेवढेच गरीब, तेवढेच कष्ट करणारे, पण त्यांना बेरीबेरी क्वचित. फरक एवढाच की तमिळ मजूर उकडा तांदूळ खायचे. क्वालालंपूरच्या वेड्यांच्या इस्पितळात विल्यम फ्लेचर या डॉक्टरने 1905 मध्ये रुग्णांचे दोन गट केले, एकाला सयामचा पांढरा, दुसऱ्याला भारतीय उकडा. पहिल्या गटातली माणसं भराभर आजारी पडली, कित्येक मेली, दुसऱ्या गटात येतानाच आजारी असलेले सोडले तर कोणी नाही. इमारतीचा दोष असेल म्हणून मध्येच वॉर्डांची अदलाबदल केली, तरी तेच. (वेड्यांच्या इस्पितळातल्या माणसांवर असा प्रयोग करायचा, त्यांना मरू द्यायचं, हे वाचताना आज संताप येतो आणि यायलाच पाहिजे.) त्यानंतर फ्रेझर आणि स्टँटन यांनी जंगलात रस्ता बांधणाऱ्या सुमारे 300 जावानीज मजुरांवर हेच तपासलं आणि उत्तर तेच आलं. 1910 मध्ये मनिलाला या भागातल्या डॉक्टरांची परिषद झाली त्यात ठराव झाला की सतत पांढरा पॉलिश तांदूळ हेच मुख्य अन्न असणं आणि बेरीबेरी यांचा संबंध आहे.

उकड्यात नेमकं काय होतं? भात तुसासकट भिजवून वाफवला की कोंड्यातलं ब1 जीवनसत्त्व पाण्याबरोबर आत दाण्यात शिरतं, मग तो वाळवून भरडला, अगदी गिरणीत पॉलिश केला तरी बरंचसं आतच राहतं. आपल्याच हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या तक्त्यांत 100 ग्रॅममागे हे जीवनसत्त्व असडी तांदळात सुमारे 0.27 मिलिग्रॅम, उकड्यात 0.17 आणि पांढऱ्यात 0.05 आहे. सिंधुदुर्गात आणि गोव्यात सकाळी उकड्या तांदळाची पेज पिणाऱ्या म्हाताऱ्यांना हा तक्ता कोणी दाखवला नव्हता, तरी क्वालालंपूरच्या डॉक्टरांना जे कळायला इतकी मढी लागली ते त्यांच्या चुलीवर पिढ्यान् पिढ्या चालू होतं. मुंबईत आल्यावर मात्र त्यांचीच पोरं 'जाडा लाल भात' खायला लाजतात, हे मी कित्येक घरांत बघितलंय, आणि वाईट वाटतं.

मग एवढं कळल्यावर सरकारांनी काय केलं? तुरुंग, इस्पितळं, सैन्य जिथे स्वतःचा खर्च होता तिथे तांदूळ बदलला. फिलिपिन्समध्ये अमेरिकन गव्हर्नरने 1910 मध्ये सरकारी संस्थांत पॉलिश तांदळाला बंदीच घातली. पण बाहेरच्या बाजारात, जिथे सामान्य माणूस खरेदी करत होता, तिथे कोणी काही केलं नाही. रंगूनच्या गिरण्या, सयामच्या गिरण्या, सिंगापूरचे व्यापारी, जहाज कंपन्या, निर्यातीचा कर घेणारी सरकारं, सगळ्यांचा धंदा पांढऱ्या दाण्यावर बसलेला, त्यात बदल म्हणजे सगळ्यांचंच नुकसान. त्यापेक्षा रोगाचं औषध काढणं सोपं. म्हणून 1926 ला बटाव्हियातच यान्सेन आणि डोनाथ यांनी कोंड्यातून ते जीवनसत्त्व शुद्ध करून काढलं, आणि 1936 ला रॉबर्ट विल्यम्सने ते कारखान्यात बनवायची रीत शोधली. हे संशोधन मोठंच आहे, त्याने लाखो जीव वाचले, मी ते कमी लेखत नाही. पण रस्ता कुठल्या दिशेला वळला ते बघा: आधी यंत्राने काढायचं, मग दुसऱ्या यंत्राने बनवून परत घालायचं, आणि पहिल्या यंत्राला काही विचारायचं नाही. आजचा फोर्टिफाइड दाणा याच रस्त्यावर आहे. त्यात सक्तीने घालायचे घटक तीन: लोह, फॉलिक अ‍ॅसिड आणि ब12. पॉलिशमध्ये जे सगळ्यात जास्त जातं ते ब1 ऐच्छिक यादीत, घातलं तर घातलं.

आपल्याकडेही माहिती कमी नव्हती. ही जी राष्ट्रीय पोषण संस्था आहे तिची सुरुवातच 1918 मध्ये तमिळनाडूतल्या कुन्नूरला 'बेरीबेरी चौकशी' म्हणून झाली, रॉबर्ट मॅककॅरिसन या डॉक्टरच्या हाताखाली, एका खोलीत. भारतात हा रोग मुख्यतः आंध्रच्या उत्तर किनाऱ्यावर होता, जिथे कच्चा पांढरा तांदूळ खायचे, शेजारच्या उकडा खाणाऱ्या तमिळ भागात नाही. 1934 मध्ये गांधीजींनी ग्रामोद्योग संघ काढला आणि वर्ध्याच्या मगनवाडीत अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पांनी तेलघाणी, कागद यांच्याबरोबर भात कांडायच्या साधनांवर काम केलं, हातसडीच्या तांदळाचा प्रचार केला. स्वातंत्र्यानंतर 1958 मध्ये भात गिरण्यांवर नियंत्रणाचा केंद्रीय कायदा झाला, नवीन गिरणी काढायला परवाना लागायचा, आणि हातसडीच्या कामावर पोट असणाऱ्यांचा विचारही त्यात होता. 1997 मध्ये तो रद्द झाला. रद्द झाल्याबद्दल मला फारसं दुःख नाही, परवाना राजने कोणाचं भलं केलं नसतं. पण त्याबरोबर गिरणीतून कसा तांदूळ बाहेर पडावा हा प्रश्नच सार्वजनिक चर्चेतून गायब झाला, ते वाईट झालं.

इथे एक गोष्ट स्पष्ट करते नाहीतर कॉमेंटमध्ये तेच येईल. मी मुसळाकडे परत चला म्हणत नाहीये. पहाटे उठून घरातल्या आठ-दहा माणसांचा तांदूळ सडायचा, तोही गरोदरपणात, तोही तापात, हे काम बायकांनी केलं आणि हातसडीचं कौतुक करणाऱ्या भाषणांमध्ये त्या बायका कुठेच नसतात. गावात हलर, म्हणजे भात भरडायचं यंत्र, आला तेव्हा त्यांनी सुटकेचा श्वास सोडला आणि बरोबर सोडला. दुसऱ्या बाजूला बंगालमध्ये ढेंकीवर (पायाने चालवायच्या मुसळावर) दुसऱ्यांचा भात कांडून पोट भरणाऱ्या विधवांचं काम गेलं, जावातही बायकांची मजुरी अशीच गेली, आणि त्यांना दुसरं काम कोणी दिलं नाही, हेही तितकंच खरं. म्हणून माझा राग यंत्रावर नाही. आजच्या गिरणीत रबर रोलर असतात, ते तूस काढतात आणि कोंडा तसाच ठेवतात, पॉलिशरचा टप्पा त्याच्या पुढचा. किती पॉलिश करायचं हे यंत्र ठरवत नाही, माल घेणारा ठरवतो.

आणि आपल्या देशात तांदळाचा सगळ्यात मोठा गिऱ्हाईक कोण? सरकार. म्हणूनच हा प्रश्न सार्वजनिक आहे, घराघरातल्या आवडीनिवडीचा नाही. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूरला धान खरेदी केंद्रावर मोजला जातो, भरडाईला गिरणीवाल्याकडे जातो, आणि क्विंटलमागे 67 किलो कच्चा तांदूळ, उकडा असेल तर 68 किलो, त्याने परत द्यायचा असतो. कोंडा त्याच्याकडे राहतो, तो तेलाच्या कारखान्याला जातो, तेल काढून उरलेली पेंड पशुखाद्याला, म्हणजे रंगूनची वाटणी जशीच्या तशी. आणि सरकारी तांदळाचं जे स्पेसिफिकेशन आहे त्यात तुटलेले दाणे, डागी दाणे, खडूसारखे दाणे यांच्या ओळीत आणखी एक दोष लिहिलेला असतो: ज्या दाण्याच्या पाव भागाहून जास्त पृष्ठभागावर कोंडा राहिलाय असा दाणा. असे दाणे 13 टक्क्यांपर्यंतच चालतात. त्याहून जास्त निघाले तर लॉट नापास. म्हणजे एखाद्या गिरणीवाल्याने प्रामाणिकपणे जास्त पौष्टिक तांदूळ द्यायचं ठरवलं तर त्याचा ट्रक गोदामाच्या दारातून परत जाणार. पोषणासाठी वेगळी योजना, वेगळा दाणा, वेगळा निधी आणि त्याच सरकारच्या दुसऱ्या कागदावर पोषण हा दोष. हे बदलायला पाहिजे असं मी म्हणते ते यासाठी.

यावर जे आक्षेप येतात त्यातला टिकाऊपणाचा आक्षेप मला सगळ्यात वजनदार वाटतो. सरकारी गोदामात तांदूळ वर्ष-दोन वर्षं पडून राहतो आणि असडी तांदूळ तेवढा टिकत नाही, हे शंभर टक्के खरं. पण भात तुसात असताना छान टिकतो, भरडायची घाई आपण करतो. जिथे पिकतो तिथेच वाटायचा असेल, म्हणजे गोंदियाचा धान गोंदिया-गडचिरोलीच्या अंगणवाडीत आणि शाळेत, तर तो भात म्हणून ठेवून महिन्या-दोन महिन्यांच्या गरजेपुरता भरडता येतो. लांब पाठवायचा असेल तर उकडा आहेच. आणि मी पूर्ण असडीचाही हट्ट धरत नाही, पॉलिश अर्धं केलं तरी बरंच काही वाचतं, शिवाय त्याच धानातून क्विंटलमागे दोन-चार किलो तांदूळ जास्त हाती येतो.

लोकांना आवडत नाही असं म्हणतात. आवड बनते. पांढऱ्याची आवडसुद्धा बनवलेलीच आहे, भाव जास्त म्हणून मान जास्त. असडी शिजायला वेळ लागतो, गॅस जास्त जातो, हा आक्षेप मात्र गरिबाच्या बाजूचा आहे आणि तो उडवून लावणाऱ्यांनी सिलिंडरची किंमत आठवावी, म्हणूनही मी कमी पॉलिशचा मधला मार्ग म्हणते. कोंड्यात आर्सेनिक साठतं, बंगालसारख्या पट्ट्यात ते तपासूनच करावं लागेल. आणि कमी पॉलिशने अ‍ॅनिमिया जाईल असं मी अजिबात म्हणत नाही, कोंड्यातला फायटेट नावाचा घटक लोह शोषू देत नाही, त्यासाठी डाळ, अंडी, पालेभाजी ताटात यायला पाहिजे आणि त्याला फोर्टिफाइड दाणा हाही पर्याय नाही.

राहिला शेवटचा आक्षेप, की बेरीबेरी आता आहे कुठे. मोठ्यांमध्ये कमी झाला, कारण जेवण थोडं सुधारलं. पण काश्मीर आणि मिझोराममधल्या डॉक्टरांनी गेल्या काही वर्षांत तान्ह्या मुलांमध्ये ब1 च्या कमतरतेने होणारे गंभीर आजार नोंदवलेत, बाळ एकदम धापा टाकायला लागतं, हृदय फुगतं, आणि त्या जीवनसत्त्वाचं इंजेक्शन दिलं की काही तासांत सावरतं. त्यांच्या आया बाळंतपणानंतर पथ्य म्हणून बहुतेक पांढऱ्या भातावर असतात, तोही धुऊन, पेज ओतून. ज्या डॉक्टरला हे माहीत नाही त्याच्याकडे ते बाळ न्यूमोनिया म्हणून जातं.

माझी मागणी छोटी आहे. त्या स्पेसिफिकेशनमधली कोंडा राहिलेल्या दाण्याची ओळ दोषांच्या यादीतून काढा, त्याजागी पॉलिशची कमाल मर्यादा लिहा. तळकोकणात रेशनवर आणि शाळेच्या पोषण आहारात उकडा तांदूळ द्या, तिथे तो कोणाला शिकवावा लागणार नाही. पूर्व विदर्भातल्या दोन जिल्ह्यांत आश्रमशाळांपासून कमी पॉलिशचा तांदूळ सुरू करा, आदिवासी विकास महामंडळ तिथे धान खरेदी करतंच, भरडाईही स्थानिक गिरण्यांतच होते. गिरणीवाल्याचा कोंडा कमी निघेल, त्याचं तेवढं नुकसान भरडाईच्या दरात भरून द्या, जास्तीच्या मिळालेल्या तांदळातून ते निघतं. नवीन कायदा लागत नाही, नवीन खातं लागत नाही. खरीप हंगामाआधी दरवर्षी केंद्राचं अन्न खातं हे स्पेसिफिकेशन नव्याने काढतंच, आपल्या खासदारांनी आणि राज्याच्या अन्न व नागरी पुरवठा खात्याने ते पत्रक निघायच्या आधी लेखी मागणी करावी.